शिंका थांबल्या, सूज नाही

धुळीची ॲलर्जी मला ११ वर्षांपासून आहे. सकाळी उठल्या उठल्या ओळीने सात-आठ शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, टाळूला खाज. गोळी घेतली की तासाभरात बरं वाटायचं आणि नाक चोंदलेलं राहिलं तरी त्रास तिथेच संपला असं मी धरून चालायचे. ॲलर्जीमुळे नाकात आणि श्वासनलिकेत येणाऱ्या सुजेवरच्या संशोधनाला स्वयंसेवक हवे आहेत हे कळलं, तेव्हा मी होकार दिला.

संमतीपत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली: दम लागू शकतो, आणि कधीही माघार घेता येईल. दमा नसल्याची खात्री संशोधकांनी आधीच फुप्फुसं तपासून करून घेतली होती.

सगळ्यात जड गेला तो चाचणीआधीचा आठवडा. गोळ्या ७ दिवस बंद, कारण त्यांचा अंमल असेल तर त्वचेवर काही उमटतच नाही. त्या रात्री मी दोन उशा घेऊन, तोंडाने श्वास घेत काढल्या.

मग प्रिक टेस्ट. हातावर थेंबांची रांग, प्रत्येक थेंबातून बारीक टोचणी. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, एक नुसत्या सलाइनचा. १५ मिनिटांनी मोजपट्टीने मापं घेतली. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांधी आली तर ॲलर्जी धरतात. माइटची, म्हणजे धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची, माझी ९ भरली.

पुढच्या खेपेला माइटचा अर्क थेट नाकात फवारला. दोन-तीन मिनिटांत शिंकांची सर लागली, डोळे वाहू लागले. नाकपुडीत कागदाची पट्टी ठेवून स्राव टिपला. मुखवट्यातून नाकाने जोरात हवा ओढायची होती; आधी मिनिटाला १२० लिटरचा वेग होता, तो ६५ वर आला. तासाभरात शिंका थांबल्या. मला वाटलं, झालं.

त्यांनी थांबवून घेतलं. सहाव्या तासाला एकही शिंक न येता नाक चोंदलं, डोकं जड झालं. डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं: आधी नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सांडतं, त्याच्या शिंका, काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांची ही सूज. अँटिहिस्टामिन गोळी मुख्यतः पहिल्याला आवरते. माझं चोंदणं गोळीला का दाद देत नाही, हे इतक्या वर्षांनी मला त्या चित्रात दिसलं.

दुसऱ्या दिवशी एका यंत्रात १० सेकंद एकाच वेगाने श्वास सोडायचा होता. वेग बिघडला की पुन्हा पहिल्यापासून, चौथ्यांदा जमलं. श्वासनलिकेत सूज असली की श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड वाढतं; ते आदल्या दिवशी २२ होतं, आता ३७. अर्क गेला नाकात आणि आकडा वाढला छातीतल्या सुजेचा! बाई लगेच म्हणाल्या, “तुमच्या एकट्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र आले की बोलू.” त्यांचं हे बोलणं मला फार आवडलं.

आता शिंका नसल्या तरी नाकातला स्टेरॉइड स्प्रे रोज घेते. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, आणि टोक मधल्या पडद्यापासून लांब. नाहीतर पडद्याला इजा होऊन रक्त येतं. पहिले पाच दिवस फरक कळला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तोंड मिटून झोप लागली.