रॉक वाजवायला पहिलं इलेक्ट्रिक व्हायोलिन घेतलं, वरूडकडच्या खेड्यातून, त्याचा माझा अनुभव

आमच्याकडे व्हायोलिन म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक प्रभाकर जोग अन् दुसरं जुन्या पिक्चरमधलं रडायचं म्युझिक. त्याच्यात मी रॉक वाजवतो म्हटलं की समोरचा विचारतेच, "काहून बे, गिटार नव्हती का भेटत तुले?" आता जेरी गुडमन १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये व्हायोलिन घेऊन जॉन मॅकलॉफलिनच्या गिटारसमोर उभा होता, नंतर त्याच बँडमध्ये जाँ-ल्यूक पाँटी आला, आपल्या एल. शंकरनं तर दोन मानेचं दहा तारांचं व्हायोलिन बनवून घेतलं, पण हे सगळं पानठेल्यावर कोणाला सांगावं.

बँडमध्ये गिटार, ड्रम, एक ऑक्टोपॅडवाला अन् मी. गणपती अन् शारदा मंडळांचे बरेच कार्यक्रम साध्या व्हायोलिनला क्लिपवाला माइक लावूनच काढले. पण ड्रमच्या बाजूला उभं राहून आवाज वाढवला की व्हायोलिनचा पोकळ खोका स्पीकरचा आवाज पकडते अन् सुंईई करून शिट्टी सुरू होते, डिस्टॉर्शन (रॉक गिटारसारखा आवाज फाडणारा इफेक्ट) टाकलं तर विचारूच नका. दुसरं म्हणजे आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, साध्या व्हायोलिनचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, बंद गाडीत राहिलं की सुटतात. सॉलिड बॉडीवाल्या इलेक्ट्रिकला पोकळीच नसते म्हणून शिट्टीचा त्रास एकदम कमी अन् उघडणारे जोडही कमी, म्हणून मग ठरवलं की आता इलेक्ट्रिकच.

घरी सांगितलं तर बाबा म्हणे, "मोटारीच्या केबलचे पैसे द्याचे हायेत अजून, अन् तू हे काय काढलं नवीन?" शेवटी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे आल्यावर २५ हजारात सगळं बसवायचं असं ठरलं, सगळं म्हणजे व्हायोलिन, आवाज बदलणारं इफेक्ट पेडल, केबल, सगळंच. मनातून यामाहाचं वायईव्ही पाहिजे होतं, २०१६ मध्ये आलेलं, साडेपाचशे ग्रॅमचं. त्यात बॅटरीही नाही अन् हेडफोनचं भोकही नाही कारण ते स्टेजसाठीच बनवलं आहे, अन् त्याच कंपनीचं सायलेंट व्हायोलिन म्हणजे रात्री हेडफोन लावून रियाज करणाऱ्यासाठी. हा फरक आधी समजून घ्या, नाहीतर दुकानदार दोन्ही एकच म्हणून दाखवते. असो, ते बजेटमध्ये बसणारं नव्हतंच.

पहिला घोळ चार तारा की पाच. पाच तारांवाल्यात जी, डी, ए, ई च्या खाली सी तार येते, व्हायोलाची. रॉकवाले म्हणतात पाचच घ्या कारण खालचा आवाज पाहिजे, अन् त्यात दम आहे. व्हायोलिनच्या तारा पंचमात लावलेल्या असतात म्हणून एकाच बोटानं बाजूच्या दोन तारा दाबल्या की गिटारवाल्याचा पॉवर कॉर्ड (सा अन् पंचम एकत्र) आयता तयार, अन् डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांचं बाकी काही धड वाजत नाही, शुद्ध किंवा कोमल गंधार टाकला की नुसता चिखल होते, पंचम अन् सप्तक तेवढे साफ राहतात. सी तार असली तर हा कॉर्ड आणखी खाली जाते. पण पाच तारा तेवढ्याच पुलावर (ब्रिजवर) बसवायच्या म्हणजे तारा जवळ-जवळ, जोशात वाजवताना गज (बो) बाजूच्या तारेला लागतोच, अन् सुटी सी तार इकडे भेटणं कठीण. मी हिशेब असा केला की मोकळी जी तार १९६ हर्ट्झ, ऑक्टेव्ह पेडलनं एक सप्तक खाली आणली तर ९८, म्हणजे सी तारेच्या १३१ पेक्षाही खाली अन् गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या ८२ च्या जवळपास. एका वेळी एकच सूर वाजवायचा असला तर ऑक्टेव्ह पेडल मस्त चालते. म्हणून चार तारा.

आता खरी गोष्ट, जी कोणी सांगतच नाही, सगळे शेप पाहतात. स्वस्तातल्या जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये पिझो पिकअप असते, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा, पुलाच्या खाली किंवा पुलातच. पिझोला पुढच्या इनपुटचा मोठा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) लागते, एक मेगाओहमच्या आसपास. गिटार अँपच्या इनपुटला तो बहुतेक असते, पण आपल्या मंडपवाल्या साउंड सर्व्हिसच्या मिक्सरला लाइन इनपुट असते त्याला दहा-वीस किलोओहम, त्यात बिनबॅटरीचं व्हायोलिन सरळ खोचलं की खालचा आवाज सगळा गायब अन् वर राहते फक्त पत्र्यासारखी किरकिर. मग लोक म्हणतात इलेक्ट्रिक व्हायोलिन बेकार आहे. व्हायोलिनचा काही दोष नाही बाप्पा, मधात प्रीअँप (सिग्नल सांभाळून पुढं देणारा छोटा अँप) नाहीतर पेडल लागते. बॅटरीवाल्या मॉडेलमध्ये प्रीअँप आतच असते, पण स्वस्त असलं तर त्याची सूंऽऽ अशी सरसर डिस्टॉर्शन टाकल्यावर दहापट होऊन बाहेर येते.

म्हणून नागपूरला गेलो तेव्हा सोबत माझा गज, शोल्डर रेस्ट (व्हायोलिनला खालून लावायचा खांद्याचा आधार), गिटारवाल्या मित्राचं मल्टी-इफेक्ट पेडल अन् हेडफोन नेला. सीताबर्डीच्या बाजूच्या एका दुकानात दादा म्हणे, "भाऊ, ह्याच्यात एवढं पाहाचं काय असते, एस शेप आहे, स्टेजवर मस्त दिसते." एस शेपवाल्याला माझा शोल्डर रेस्ट बसेचना, पकडायला कडाच नाही, अन् रॉक म्हणजे उभं राहून वाजवायचं. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाशी टेकवून बसणाऱ्यांचं ठीक आहे, आपलं नाही. ते तिथंच ठेवलं.

दुसऱ्या दुकानात एक साधंच, जवळपास नेहमीच्या आकाराचं भेटलं, अन् मी काय काय केलं ते सांगतो कारण कोणाला कामी येईल. डिस्टॉर्शन फुल लावून वाजवायचं नाही, नुसतं धरून ऐकायचं, सरसर किती आहे. मग चारही तारा एकाच जोरात मोकळ्या वाजवायच्या, पिझो नीट बसलेलं नसलं की ई तार कानात घुसते अन् डी झोपते, हे पेडलनं दुरुस्त होत नाही. मग बोटानं बॉडीवर टकटक, पिझो हाताचा आवाजही पकडते, थोडं चालते, जास्त नको. व्हॉल्यूमची बटण फिरवून खरखर. दुकानातला पोरगा पाहून राहिला होता की हा माणूस वाजवतो कधी. वाजवलं मग, शेवटी. तारा मात्र एकदम भंगार होत्या, त्या घरी येऊन बदलल्याच. पिझोला तार स्टीलचीच पाहिजे असं काही नाही, ते बंधन चुंबकवाल्या पिकअपला.

घरी आणून लावलं अन् ढूंऽऽ असा हम सुरू. पेडल ॲडाप्टरवरून काढून बॅटरीवर टाकलं की हम बंद, म्हणजे व्हायोलिन नाही, घरची लाइन. आमच्या घरातच काय अर्ध्या गावात सॉकेटचं तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं आहे. वायरमनला बोलावलं, त्यानं अंगणात खड्डा करून पाइप गाडला, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं, वायर ओढून दिली. आई म्हणे, "बाजा आणला का बोअर खोदून राहिला?" हम पुष्कळ कमी झाला, पूर्ण नाही. थ्री फेज येऊन शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जाते अन् पेडल मधातच बंद होते, म्हणून प्रॅक्टिस आता सिंगल फेजच्या वेळेलाच.

सेटिंगचं म्हणाल तर इक्वलायझरमध्ये २ ते ३ किलोहर्ट्झ थोडं खाली घेतलं, नॉइज गेट (वाजवत नसलं की सरसर बंद करणारं), गेन म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर गिटारवाल्यापेक्षा कमीच, कारण गज फिरत राहिला तोवर सूर थांबत नाही तर जास्त गेनची गरजच पडत नाही. गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं तसंही कापते, त्यामुळे पिझोची किरकिर त्यात दबते. मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये जायचं असलं की पेडलमधलं कॅबिनेटवालं, म्हणजे अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं सेटिंग चालू ठेवतो, तेच काम होते. सुटी ई तार नागपूरवरून जास्तीची आणून ठेवली, तीच सगळ्यात आधी तुटते. गज अजून साध्या व्हायोलिनचाच आहे, कार्बन फायबरचा घ्यायचा आहे, पण बाबांना अजून सांगितलं नाही.