शिट्टीनंतरचा गोल

पंचाचा सगळा रुबाब शिट्टीत असतो. कर्णबधिर खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हँडबॉल स्पर्धेत माझी नेमणूक झाली, तेव्हा शिट्टीच्या जोडीला हातात एक छोटा झेंडाही आला. बाकी खेळ तोच: 40 बाय 20 मीटरचं कोर्ट, 30 मिनिटांचे दोन हाफ. पात्रतेची अट मात्र कडक. त्यातल्या त्यात बऱ्या कानाचंही ऐकणं किमान 55 डेसिबलने कमी हवं आणि श्रवणयंत्र कोर्टबाहेरच काढून ठेवायचं. डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, हँडबॉल 1969च्या बेलग्रेड स्पर्धेपासून आहे, पण आम्हा पंचमंडळींत त्याची चर्चा क्वचितच होते.

हॉल शांत असेल असं वाटलं होतं. कसला शांत! बूट करकरतात, चेंडू खांबावर आदळतो, राखीव खेळाडू बाक बडवतात. नसते ती फक्त एकमेकांना मारलेली हाक. एरवी गोलरक्षक मागून ओरडून बचावाची भिंत हलवत असतो. इथे भिंतीची पाठच त्याच्याकडे. मग पिव्हट, म्हणजे बचावाच्या भिंतीत शिरून खेळणारा आक्रमक, आत घुसला की शेजारचा बचावपटू आपल्या गड्याच्या पाठीवर तळवा टेकवतो आणि तो मागे न बघता सरकतो. हे इतकं झटपट होतं की सुरुवातीला मला ते ढकलणं वाटायचं.

उपांत्य सामन्याची शेवटची मिनिटं. एका गोलाने मागे असलेला संघ चेंडू नुसता फिरवत होता, म्हणून आम्ही दोघा पंचांनी हात वर केले. पॅसिव्ह प्लेचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता चेंडू राखल्याचा इशारा. त्यानंतर जास्तीत जास्त चार पास. एरवी बाकावरून आरडाओरडा होतो, ‘हात वर आहे!’ इथे मधल्या खेळाडूने हात पाहिला आणि खूण केली, पण डाव्या कडेच्या खेळाडूची, विंगरची नजर गोलवर खिळलेली. चार पास झाले. पाचवा पास त्याच्या हातात पडताच मी शिट्टी फुंकली, झेंडा उंचावला. तोवर तो हवेत झेपावला होता. चेंडू गोलरक्षकाच्या बोटांना चाटून जाळ्यात. त्यांच्या प्रेक्षकांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ती त्यांची टाळी.

गोल अर्थातच बाद. प्रश्न पुढचा होता. निर्णय विरोधात गेला की चेंडू तिथल्या तिथे खाली ठेवायचा; तसं न करता फेकला तर दोन मिनिटं बाहेर. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक, स्वतः ऐकू येणारे, तेच मागत आमच्या अंगावर धावून आले. दुभाष्याला खूण करायचीही फुरसत मिळेना. मी सहकाऱ्याकडे गेलो. तो गोलरेषेपाशी होता, विंगरचा चेहरा त्याला समोरून दिसला होता. तो म्हणाला, “याने पाहिलंच नाही. गोलरक्षकानेही नाही. नाहीतर एवढी झेप कशाला घेतली असती?”

एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. नियम जाणूनबुजून मोडणाऱ्यासाठी आहे, असं माझं मत आजही आहे. विंगर बाहेर गेला नाही, चेंडू दुसऱ्या बाजूला दिला. तेवढ्यात त्यांचा तोच गोलरक्षक बाकाजवळ येऊन प्रशिक्षकांना हातवारे करत काहीतरी सुनावून गेला. ते खाली बसले, पण त्यांना पटलं नसावं. सामना दोन गोलांनी त्यांनीच जिंकला, तरी हस्तांदोलन करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.