सफेद रणात चामड्याचे बूट नेणाऱ्यांसाठी

बडोद्याहून कच्छच्या सफेद रणाला जायचं तर सयाजीनगरी एक्सप्रेससारखी सोय नाही. दादरहून निघालेली गाडी आपल्याकडे रात्री येते. घरून जेवून निघायचं, गाडीत बसल्यावर पांघरूण ओढायचं आणि सकाळी भुजला उतरायचं. मोटारीने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर होतात आणि कच्छच्या बाजूला ट्रकांची रांग संपता संपत नाही. मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर रेल्वेच बरी. भुजपासून रणाच्या कडेचं धोरडो गाव ऐंशीएक किलोमीटर. रणात जायला परवाना लागतो. तो वाटेतल्या भिरंडियारा गावाच्या नाक्यावर मिळतो आणि ऑनलाइनही काढता येतो. प्रत्येकाचं ओळखपत्र हाताशी असू द्या. भिरंडियाराचा मावा न खाता पुढे जाऊ नका, एवढं सांगून खाण्याचा विषय संपवतो.

काळा डुंगर आणि धोलावीरा या कच्छमधल्या ठिकाणांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. पायांत काय घालावं हे मात्र कोणी सांगत नाही.

रण म्हणजे कोरडं वाळवंट नव्हे. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, थंडीत ते आटतं आणि वर मिठाचा थर उरतो. वरून कडक दिसतो, पण कडेला पाय ठेवला की करकरतो, मोडतो आणि खालचा काळा, खारट चिखल वर येतो. आम्ही गेलो तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी जुने कॅनव्हासचे बूट घातले होते. भाऊजी भुजला कामाच्या बैठकीला गेले होते, ते तिथूनच थेट आले. त्यामुळे त्यांच्या पायांत ऑफिसचे तपकिरी चामड्याचे बूट. सूर्यास्त होईपर्यंत ते मनसोक्त हिंडले. मुक्कामी परत आल्यावर बूट नुसते ओले दिसत होते. सकाळी मात्र तळव्याच्या शिलाईपासून दोन बोटं वर एक नागमोडी पांढरी रेघ, आणि शिलाईच्या प्रत्येक भोकाशी पिठीसाखरेसारखे कण.

मुक्कामाच्या ठिकाणी एक मुलगा लगेच पॉलिशची डबी घेऊन आला. “लाओ साहेब, पाच मिनिटमां चमकावी दउं.” नेमकं तेच करू द्यायचं नसतं. मीठ नुसतं वर बसलेलं नसतं. पाण्यात विरघळून ते चामड्याच्या आत शिरतं. पाणी पृष्ठभागावरून उडून जातं आणि मीठ तिथेच स्फटिक होऊन राहतं. वरून पॉलिशचं मेण चढवलं तर मीठ आत कोंडतं, चामडं ताठ होतं आणि पाय वाकतो तिथे पुढे चिरा पडतात. बडोद्यातल्या मंगळ बाजाराजवळचे आमचे नेहमीचे मोचीकाका दोन शब्दांत सांगतात, “पहेलां मीठुं, पछी पॉलिश.” म्हणजे आधी मीठ काढा, मग पॉलिश.

चामड्याला पाणी लावायला लोक घाबरतात, पण मीठ निघतं ते पाण्यानेच. आधी लेस आणि आतली गादी काढा. सुके कण मऊ ब्रशने झाडा. मग एक भाग साधा पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. घरी चायनीजसाठी आणलेली बाटली चालते. आधी बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला लावून रंग फडक्यावर उतरतो का ते बघा. मग जुन्या गंजीफ्रॉकचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पूर्ण बूट पुसा. नुसत्या डागावर घासत बसलात तर विरघळलेलं मीठ ओल्या भागाच्या कडेला सरकतं आणि तिथे नवी रेघ उमटते. टोकापासून टाचेपर्यंत सगळं चामडं सारखं ओलसर व्हायला हवं. नंतर साध्या पाण्याचं फडकं फिरवा. अस्तरही पुसायला विसरू नका, तिथे मीठ दडून बसतं.

आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला. बूट सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. भाऊजी उन्हात ठेवायला निघाले होते, ताईने हातातून काढून घेतले. ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि मग कुठल्याही क्रीमने सरळ होत नाही. वाळल्यावर पुसट रेघ पुन्हा दिसेल. घाबरू नका, ते आतलं उरलेलं मीठ वर आलेलं असतं. पुन्हा पुसा. पांढरं येणं थांबलं की मगच लेदर क्रीम बोटाने चोळा, एक रात्र मुरू द्या, आणि पॉलिश सगळ्यांत शेवटी.

खायच्या सोड्याचा घरगुती उपाय मला पटत नाही. चामडं कमावताना ते किंचित आम्लच ठेवलेलं असतं. सोडा आणि कपड्यांचा साबण नेमका उलट्या बाजूचा. स्वेडच्या, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याच्या, बुटांवर तर एवढं पाणीही नको. ब्रशने झाडायचं आणि अगदी थोडा व्हिनेगर फडक्याने टिपायचा.

पांढरं दिसलं की मीठच, असंही नाही. कपाटातल्या बुटांवर कधी कधी चामड्यातली चरबी वर येते. हेअर ड्रायरची कोमट हवा जरा लांबून मारा. पांढरेपणा विरघळून गेला तर चरबी, तसाच राहिला तर मीठ. आणि मऊ, केसाळ, कुबट वासाचं असेल तर ती आपल्या पावसाळ्याची बुरशी, तिचा इलाज वेगळा.

कोल्हापुरी घालून रणात फोटो काढायची हौस असेल तर चपला हातात न्या, फोटोपुरत्या घाला आणि लगेच काढा. भुजला घेतलेल्या नव्या मोजड्यांनाही हाच नियम. परतीसाठी प्लास्टिकच्या दोन पिशव्या ठेवा, नाहीतर बॅगेतले कपडेही खारट होतात. लेसच्या धातूच्या कड्या आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय मुक्कामीच ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. स्वतःची मोटार नेली असेल तर बडोद्यात शिरल्यावर आधी खालून पाण्याचा फवारा मारून घ्या.