मृगातला तेजोमेघ: पाच सेकंद आणि दोन मिनिटं जोडताना

मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, टिपायला घेतला की पेच ठरलेला. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये बाहेरचे विरळ पदर सुरेख उतरतात, पण गाभा पांढराफटक होतो. पाच सेकंदांत गाभ्यातल्या ट्रॅपिझियम या छोट्या तारकागुच्छाचे तारे सुटे दिसतात आणि बाकी सगळा अंधार. दोन्ही हवं तर दोन्ही टिपून जोडायला हवं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीवरून लांब एक्स्पोजर जमत नाही. दिव्यांचा उजेड फ्रेम भरून टाकतो, आणि आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा नीट फिरवायला ध्रुवतारा दिसावा लागतो; ठाण्यातून तो जेमतेम १९ अंश वर, तोही समोरच्या टॉवरमागे. म्हणून दोन मिनिटांच्या फ्रेम वांगणीच्या अंधाऱ्या आकाशाखाली जाऊन घेतल्या. पाच सेकंदांच्या गच्चीवरूनच. गाभा इतका तेजस्वी आहे की शहराचा उजेड त्याला झाकू शकत नाही.

सिरिल या खगोलछायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गट वेगळे स्टॅक केले, म्हणजे प्रत्येक गटातल्या फ्रेम एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली. सगळं एका ढिगात टाकून सरासरी काढली तर जळालेला गाभा जळालेलाच राहतो. डार्क, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करायला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, त्या त्या एक्स्पोजरच्या लांबीचे लागतात. कॅमेरा काढून पुन्हा बसवला होता, त्यामुळे फ्लॅटही (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढायला एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम) दोन वेळा घेतले. मग लांब गटाचा स्टॅक संदर्भ धरून दुसरा त्यावर जुळवला.

खरं काम इथून पुढे. लांब एक्स्पोजरची एक कच्ची फ्रेम उघडून गाभ्यावर कर्सर फिरवला, तर पिक्सेलमागून पिक्सेल तोच कमाल आकडा. १४ बिटच्या कॅमेऱ्यात तो १६३८३ च्या आसपास असतो. तिथे माहितीच नाही. ती फक्त छोट्या एक्स्पोजरमधून येणार. स्ट्रेच करण्याआधी, म्हणजे अंधारे भाग उजळवण्याआधी, दोन्हींची पातळी जुळवायची. १२० भागिले ५ म्हणजे २४ पट. छोट्याला २४ ने गुणलं की गाभा पुन्हा कमाल मर्यादेबाहेर जातो, म्हणून मी उलट केलं: ३२ बिटमध्ये राहून, म्हणजे भागताना बारीक फरक हरवू नयेत म्हणून, लांब स्टॅकला २४ ने भागलं. त्याआधी दोन्हींतला आकाशाचा उजेड वजा केला, नाहीतर पट जुळतच नाही. दोन ठिकाणांची हवाही वेगळी, त्यामुळे २४ हा आकडा नेमका बसत नाही. दोन्हींत न जळलेला एक पट्टा धरून तो थोडा सरकवला.

मास्क, म्हणजे कुठे कोणता स्टॅक दिसावा हे ठरवणारा नकाशा, लांब स्टॅकच्याच तेजस्वी भागातून काढला आणि भरपूर ब्लर केला. तरी गाभ्याभोवती एक करडी कडी उरत होती. तेवढ्यासाठी ३० सेकंदांचा तिसरा गट घेतला. आधी १२० आणि ३० जोडले, मग त्यात ५. पट अनुक्रमे ४ आणि ६. कडी विरली.

हा खटाटोप प्रत्येक तेजोमेघासाठी करू नये. रोझेट तेजोमेघाला गरज नाही, तिथे फार तर ताऱ्यांचे मध्य जळतात. देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यासाठी मात्र करून पाहण्यासारखा आहे. आणि पाच सेकंदांच्या फ्रेम भरपूर घ्या. थोड्याच असतील तर गाभ्यात नॉइज लगेच उठून दिसतो.