तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्या संघाच्या फॅन्सना तिकीटच का द्यायचं?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एखादी तापलेली फुटबॉल मॅच होणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी हा प्रश्न येतो. सोसायटीतले लोक विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, बंदोबस्ताला उभे राहणारेही विचारतात. "राडा होणार हे माहीत असताना समोरच्या टीमच्या लोकांना आत घेताच कशाला? बंदी घाला, विषय संपला."

विषय संपत नाही. तिकीट बंद केल्याने माणूस यायचा थांबत नाही, तो फक्त कुठे बसलाय हे आपल्याला कळेनासं होतं. नवी मुंबईत तर हे जास्तच खरं आहे. 20 डिसेंबर 2014 ला आयएसएलची (इंडियन सुपर लीग) पहिली फायनल नेरुळला झाली, कोलकाता विरुद्ध केरळ. दोन्ही टीम बाहेरच्या. पण अशा मॅचला केरळ ब्लास्टर्सची पिवळी जर्सी घालून येणाऱ्या सगळ्यांनाच काही कोचीहून गाडी पकडावी लागत नाही. नेरुळ, वाशी, पनवेल, डोंबिवलीत मल्याळी कुटुंबं दोन-दोन पिढ्यांपासून राहतात. आधार कार्डावर पत्ता नेरुळचा, मन ब्लास्टर्सचं. पत्ता बघून तिकीट नाकारायचं ठरवलंत, तर हा माणूस यजमानांच्या स्टँडचं तिकीट काढेल, शर्टाच्या आत जर्सी घालेल आणि त्याच्या टीमने गोल केला की भर गर्दीत उभा राहून ओरडेल. दीड हजार पाहुणे एका कोपऱ्यात असले तर सांभाळता येतात. तेच दीड हजार वीस ब्लॉकमध्ये विखुरले, तर प्रत्येक ब्लॉकला वेगळा बंदोबस्त लागतो, आणि तेवढी माणसं कोणाकडेच नसतात.

बंदी घालून पाहिलेल्यांचे दाखले आहेत. अर्जेंटिनाने 2013 मध्ये पाहुण्या फॅन्सना मज्जाव केला. 24 नोव्हेंबर 2018 ला ब्युनोस आयर्समध्ये रिव्हर प्लेट विरुद्ध बोका ज्युनियर्स हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कोपा लिबेर्तादोरेस स्पर्धेच्या फायनलचा दुसरा सामना होता आणि बोकाच्या फॅन्सना त्यात प्रवेश नव्हता. तरी बोकाच्या खेळाडूंची बस स्टेडियमजवळच्या रस्त्यावर फोडली, खेळाडू जखमी झाले आणि शेवटी मॅच 9 डिसेंबरला माद्रिदला न्यावी लागली. इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर 1 ऑक्टोबर 2022 ला यजमान अरेमा 3-2 ने हरली. कट्टर प्रतिस्पर्धी पर्सेबायाचे फॅन्स आत येऊच दिले नव्हते. यजमानांचेच लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही स्टँडच्या दिशेने. लोक अरुंद दरवाजांकडे पळाले आणि 135 जीव गेले. फिफाच्या सुरक्षा नियमांत गर्दीवर वापरायच्या वायूला मनाई आहे, ती याचसाठी. वायूपासून पळणाऱ्या माणसाला दरवाजा हवा असतो, आणि स्टेडियममध्ये दरवाजे मोजकेच असतात.

म्हणून मी पाहुण्यांच्या स्टँडच्या बाजूने बोलतो. पण तो नीट उभारला तरच.

किती तिकिटं द्यायची? युरोपातल्या क्लब स्पर्धांमध्ये यूएफाचा (युरोपची फुटबॉल संघटना) नियम क्षमतेच्या पाच टक्क्यांचा आहे. नेरुळला समजा 30,000 लोकांसाठी स्टेडियम उघडलं, तर पाहुण्यांचे 1,500. त्यांचा ब्लॉक कोपऱ्यात हवा, कारण कोपऱ्याला शेजार एकाच बाजूने ठेवता येतो. वरच्या मजल्यावर पाहुणे आणि खाली यजमान, किंवा उलट, हे कधीही करू नये. वरून पडलेली पाण्याची बाटली खालच्याचं डोकं फोडते, मग ती मुद्दाम टाकलेली असो वा हातून सुटलेली. वरचा भाग रिकामा ठेवायचा नाहीतर दोन्ही मजले एकाच बाजूला द्यायचे. मधला पट्टा रिकामा ठेवला की काम झालं असं वाटतं, पण खुर्च्या उघड्या राहिल्या तर मॅच सुरू होऊन वीस मिनिटं होत नाहीत तोच दोन्हीकडचे लोक सरकत सरकत त्यावर येऊन बसतात. त्या खुर्च्यांवर जाळी किंवा जाड कापड ताणून चारही बाजूंनी बांधावं लागतं. स्टुअर्ड, म्हणजे स्टँडमध्ये प्रेक्षकांना सांभाळणारा कर्मचारी, साध्या सामन्यात अडीचशे प्रेक्षकांमागे एक चालतो, तापलेल्या सामन्यात शंभरामागे एक हवा. म्हणजे या ब्लॉकला पंधरा. त्यांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. मॅच बघणारा स्टुअर्ड म्हणजे आणखी एक प्रेक्षक.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि भांडण बहुतेक वेळा संडासाच्या रांगेत लागतं. पाहुण्यांना स्वतःचं स्वच्छतागृह (बायकांचंही), पिण्याचं पाणी, खाण्याचा स्टॉल आणि प्रथमोपचाराची जागा त्यांच्याच हद्दीत मिळाली पाहिजे. नकाशावर सगळं असतं. मग ऐन वेळी लोखंडी बॅरिकेड दोन फूट सरकवलं जातं आणि बायकांचं स्वच्छतागृह पलीकडच्या बाजूला जातं. म्हणून बॅरिकेड लागल्यावर कोणीतरी तो सगळा मार्ग स्वतः चालून बघायला हवा.

आता दरवाजे. ब्रिटनच्या स्टेडियम-सुरक्षेच्या ग्रीन गाइडमध्ये एका फिरत्या फाटकातून ताशी जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. आपल्याकडे झडती असते, बॅग उघडायची असते, मोबाइलवरचा कोड स्कॅन होत नसतो. निम्मा वेग धरा, 330. ऑफिस सुटल्यावर निघालेले लोक शेवटच्या तासातच येतात. 1,500 भागिले 330, म्हणजे पाच रांगा लागतील, आणि त्यात बायकांच्या झडतीसाठी महिला कर्मचारी असलेली रांग वेगळी. ही रांग नेहमी विसरली जाते, मग घरातल्या बायका अडकतात, पुरुष आत जाऊन थांबतात आणि फाटकाच्या आत गाठ तयार होते. किकऑफ झाला आणि बाहेर पाचशे माणसं अजून उभी असली, तर आतला पहिला जल्लोष ऐकून मागून रेटा सुरू होतो. अशा वेळी मॅच पंधरा मिनिटं उशिरा सुरू करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि टीव्हीवाल्यांना तो सगळ्यांत कमी आवडतो. माझ्या मते हा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याकडेच असावा आणि तो आधी लेखी ठरलेला असावा.

बाहेर पडण्याचं गणित वेगळं. त्याच गाइडप्रमाणे सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावरून 66. आणीबाणीत फार तर आठ मिनिटं धरायची. एक मीटर जिन्यातून आठ मिनिटांत 528, म्हणजे 1,500 जणांसाठी तीन मीटर रुंद जिना. एक जिना बंद पडला तर, असं धरून तेवढाच दुसरा मोकळा हवा. जिन्याची भीती मुंबईकराला वेगळी सांगायला नको. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 माणसं गेली. तिथे ना प्रतिस्पर्धी होते ना घोषणा, होता तो पाऊस, अरुंद जिना आणि दोन्हीकडून येणारी गर्दी. फाटकाला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणारा वॉचमन हा माझ्या दृष्टीने कुठल्याही घोषणाबाज फॅनपेक्षा जास्त धोकादायक आहे. मॅच चालू असताना प्रत्येक बाहेरच्या दाराशी माणूस हवा आणि दार आतून ढकलून उघडणारं हवं.

ढोल, झेंडे, बॅनर यांची यादी फॅन क्लबकडून आठवडाभर आधी घ्यावी. किती ढोल, काठी केवढी, बॅनरवर काय लिहिलंय. फाटकावर अचानक "ढोल नाही" म्हटलं की तिथेच शंभर माणसं अडतात. दोन्हीकडच्या फॅन क्लबचा एकेक माणूस बैठकीला बोलवावा, कारण आपल्यातला कोण पिऊन येतो हे पोलिसांआधी त्यांना माहीत असतं.

तारखेचंही बघावं लागतं. ऑगस्ट 2024 मध्ये ड्युरंड कपची मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली. जानेवारी 2025 मध्ये हीच डर्बी (एकाच शहरातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांची मॅच) गुवाहाटीला न्यावी लागली, कारण गंगासागर मेळ्यामुळे कोलकात्यात पुरेसे पोलीस मिळणार नव्हते. आपल्याकडे विसर्जनाच्या किंवा दहीहंडीच्या दिवशी अशी मॅच ठेवणं म्हणजे बंदोबस्त नाही हे आधीच मान्य करणं.

राहिलं घरी जाणं. नेरुळ आणि जुईनगर दोन्ही स्टेशनं चालत जाण्याजोगी आहेत, आणि दोन्हींवर सीएसएमटीची, ठाण्याची आणि पनवेलची लोकल थांबते. हे नशीबच म्हणायचं. यजमान नेरुळकडे आणि पाहुणे जुईनगरकडे असे वळवले तरी कोणाची गाडी चुकत नाही, कोकण रेल्वेसाठी पनवेल गाठणाऱ्याचीही नाही. पाहुण्यांना मॅच संपल्यावर अर्धा तास स्टँडमध्येच थांबवायचं, यजमानांचा लोंढा ओसरेपर्यंत. हे तिकिटावर छापावं, मध्यंतरात सांगावं, मॅच संपल्यावर पुन्हा सांगावं, टीम केरळची असेल तर मल्याळममध्ये आणि गोव्याची असेल तर कोंकणीत. न सांगता फाटक बंद दिसलं की माणूस घाबरतो. साडेसातची मॅच साडेनऊच्या सुमारास संपते, तेव्हा पाहुणे बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. तोवर त्यांच्या स्टँडमधले दिवे, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह चालू ठेवायचं, आणि स्टॉलवाल्यालाही शिट्टीनंतर लगेच शटर ओढू द्यायचं नाही.