डोकेदुखीच्या वहीत मनाचाही रकाना हवा

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. डोकं ठणकायला लागलं की तो असलेल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: आजार मेंदूपर्यंत पोचला का? दुखण्याइतकीच ही भीतीही झोप उडवते.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९९ साली ल्युपसमधल्या मज्जासंस्थेच्या आणि मनाच्या १९ तक्रारींची यादी केली. तिच्यात डोकेदुखी आहे, तसेच मनःस्थितीचे आणि चिंतेचे विकारही आहेत. म्हणून प्रत्येक डोकेदुखीला ल्युपसच जबाबदार असं मात्र नाही. बहुतेक वेळा ती मायग्रेन असते किंवा ताणाची, इतर कुणालाही होते तशीच. रिपोर्ट चांगले असतानाही डोकं फुटायची पाळी येते, आणि मग ‘मी उगाच बाऊ करतेय का’ असं वाटू लागतं. नाही, बाऊ नाही. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं कारण वेगळं असतं.

कारण सापडतं ते दर डोकेदुखीची नोंद ठेवलेल्या वहीत. नमुन्याची एक ओळ:

‘मंगळवार, पहाटे ५. डावं कानशील, ठसठस, १० पैकी ७. उजेड नकोसा. झोप ४ तास. बीपी १३०/८४. प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ, काल रात्री ८ ला. पॅरासिटामॉल १. मन: सारखं रडू येतंय.’

रात्री घेतलेल्या स्टेरॉइडने, म्हणजे प्रेडनिसोलोनने, झोप मोडली असेल, अपुऱ्या झोपेने मायग्रेन उठलं असेल आणि रडूही त्याच वाटेने आलं असेल. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला ही एक ओळ पुरते. स्टेरॉइड आपल्या मनाने बंद मात्र कधीच करू नये. दिवसाला ४० मिग्रॅच्या वर डोस गेला की मनावरचे परिणाम जास्त दिसतात: चिडचिड, उगाच भरून येणं, कधी भलताच उत्साह. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलं की भांडणं टळतात.

पेनकिलर घेतलेले दिवस मोजा. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्याला पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी १५ दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) वा एकाहून जास्त औषधांची मिश्र गोळी १० दिवस घेतली, तर औषधानेच डोकं दुखू लागतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ल्युपसमध्ये किडनीला जड जातात. क्वचित त्यांच्यामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि त्यातही डोकं दुखतं, ताप येतो.

क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, फिट, अडखळणारं बोलणं, एका बाजूची ताकद जाणं, धूसर दिसणं: यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. रक्ततपासणीत अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (ल्युपसमध्ये काहींच्या रक्तात सापडणारी प्रथिनं) आढळलेल्यांनी तर अजिबात थांबू नये, त्यांच्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी असते, गुण ० ते २७. १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांशी बोलायचं. इथे एक गोची आहे. थकवा, मोडलेली झोप, भूक, एकाग्रता हे प्रश्न ल्युपसमुळेही गुण वाढवतात. त्यामुळे पहिले दोन नीट पाहा: कशातच रस न वाटणं आणि खिन्नता. आणि नववा, जीव नकोसा वाटण्याचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

मनाच्या रकान्यात ‘ठीक’ लिहून काहीच कळत नाही. ‘फोन वाजला, उचलला नाही’ असं लिहा.