तुम्ही विचारलेत म्हणून: ‘हाय’ला मराठीत काय म्हणावे?

‘इतकी वर्षे भाषांतर करता, मग इंग्रजीतल्या ‘हाय’ला (high) एक ठाम मराठी शब्द सांगा पाहू,’ असे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारले गेले आहे, आणि तसा शब्द नाही म्हटले की मी हातचे राखून बोलते आहे अशा नजरेने माणसे पाहतात. डोंगर उंच असतो, न्यायालय उच्च असते, ताप सणकून चढतो, वारा सोसाट्याचा सुटतो, समुद्राला भरती येते; इंग्रजीत हे सगळे ‘हाय’. शिकारीचे मांस टांगून मुरवताना त्याला वास सुटू लागला, की तेही ‘हाय’च. यात मी काय लपवून ठेवले आहे?

तिशीत मात्र मीच ‘उंच’ आणि ‘उच्च’ या दोन शब्दांवर सगळे भागते असे छातीठोकपणे सांगत असे. त्याच भरात शाळकरी मुलांसाठीच्या एका पुस्तिकेत, मूळ इंग्रजीत नसलेले एक वाक्य मी पदरचे घातले: समुद्रात उंच मनोरे उभारले म्हणून त्या तेलक्षेत्राला ‘बॉम्बे हाय’ म्हणतात.

पुस्तिका निघाली आणि महिन्याभरात, तिथल्या प्लॅटफॉर्मवर उमेदीची वर्षे घालवलेले एक निवृत्त गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी कपबशी बाजूला सरकवली, टेबलावरचे कापड दोन्ही हातांनी दोन बाजूंनी आत लोटले आणि मध्ये उठलेल्या घडीवर बोट ठेवले. ‘‘हाय ते हे, ताई. समुद्राच्या तळाच्याही खाली. खडकाचे थर इथे वर उचलले गेलेत. तेल पाण्याहून हलकं, ते चुनखडकातून वर सरकत इथे येतं आणि वरच्या शेलच्या, म्हणजे घट्ट चिखलखडकाच्या, थराखाली अडकतं. १९७४ साली समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ने तिथे विहीर खोदली ती या उंचवट्यासाठी.’’ मग कापड सारखे करत ते म्हणाले, ‘‘नातू मला सांगतो, आजोबा, तुम्हाला माहीत नाही, पुस्तकात वेगळं आहे.’’

मूळ लेखकानेही नावाचा खुलासा केला नव्हता, असे मी तेव्हा पुटपुटले. ते खरे होते. पण त्याने न केलेला खुलासा करायला मला कोणी सांगितले होते? चूक शब्दाची नव्हती, माझ्या आगाऊपणाची होती, हे आज लिहिते. तरी दोन शब्दांत भागवण्याचा तो हट्ट निव्वळ मूर्खपणाचा होता, असे अजूनही मनापासून म्हणवत नाही. निदान त्यात मराठीवर भरवसा होता. ‘मुंबई हाय’ असे देवनागरीत छापले की मला अजून कोणाची तरी हाय लागल्यासारखे वाटते.

दुसऱ्या आवृत्तीत मी ‘मुंबईचा उंचवटा’ असे लिहिले. त्या गृहस्थांचा फोन आला. ‘‘अगदी बरोबर आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण आमच्यात असं कोणी म्हणत नाही.’’